पान चौदावं

शिरोलीच्या फाउंड्रीत बावीस वर्षं
मी लोखंडाचे रिपोर्ट लिहितो.
भट्टीवरून नाण्याएवढा तुकडा येतो, अजून कोमट.
घासायचा, मशीनवर ठेवायचा, ठिणगी पाडायची.
कार्बन तीन पूर्णांक बेचाळीस, सिलिकॉन, मँगनीज, गंधक,
अर्ध्या मिनिटात स्लिप हातात.
रस वाट बघत नाही. लेडलमध्ये साय धरतो.

शालनचा तुकडा त्याहून लहान.
फुप्फुसातून सुईनं काढलेला,
मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला.
राजारामपुरीतून कुरिअरनं बाहेरगावी गेला
आणि पस्तीस दिवस कुणी काही बोललं नाही.
'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच, रोज, वेगळ्या आवाजात.

तोवर केमोच्या दोन सलाईनी झाल्या.
उशीवरचे केस तिनं पिशवीत भरून ठेवले.
'केसांवर भांडी देणारी येते की गल्लीत,
एखादी वाटी तरी पडंल पदरात.'
ती हसली. मी पिशवीला गाठ मारत राहिलो.

मग रिपोर्ट आला. सव्वीस पानं.
पहिल्यावर प्रयोगशाळेच्या इमारतीचा फोटो.
दुसऱ्यावर तिचं नाव, तेही शालिनी.
पुढं जनुकांची अक्षरं,
नाक्यावर अडकलेल्या ट्रकांच्या नंबरप्लेटांसारखी.
'अर्थ अनिश्चित' असे अकरा बदल.
मी अकराच्या अकरांना भ्यालो,
एकेकाला एक रात्र दिली.
त्यांच्यावरून काहीच ठरवायचं नसतं
हेही लिहिलेलं होतं,
पान चोवीस, तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात.

डॉक्टर नेजदारांच्या दाराबाहेर साठ माणसं.
त्यांनी वरची दोन पानं चाळली,
'विशेष काही दिसत नाही' म्हणाले
आणि तिसरी सलाईन लिहिली.
त्यांना तरी काय बोलू.
सव्वीस गुणिले साठ, मी जिन्यात गुणाकार केला.

त्याच जिन्यात ती भेटली,
मेणाचा ठोकळा जिनं पाठवला होता,
पॅथॉलॉजीतल्या रक्षंदा मॅडम, हातात डबा.
'आला का ओ तुमचा?'
डबा पायरीवर ठेवून वाचत गेल्या,
बोट थांबलं.
पान चौदावं, तक्ता तिसरा, खालून दुसरी ओळ.
'याच्यावर गोळी आहे.'
तोंडानं घ्यायची. रोज एक.

त्यांचा आवाज चढला, पण माझ्यावर नाही.
'ही ओळ पहिल्या पानावर पाहिजे.
काय सापडलं. त्याचं काय करायचं.
आणि जे कळलं नाही ते बाजूला, कळलं नाही म्हणून.
फोन करायला पाहिजे होता कुणीतरी.
मीच करायला पाहिजे होता.'
एवढं बोलून त्या नेजदारांच्या दारात शिरल्या,
साठ माणसांच्या पुढं, रांग मोडून.
कुणी काही म्हणालं नाही.
डबा पायरीवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी भट्टीवरचा बाबालाल मुल्लाणी
माझी स्लिप उलटीसुलटी करत उभा.
बावीस वर्षं तो हेच विचारतो,
'आकडं ऱ्हाऊ देत ओ. वतू का नको?'
आणि बावीस वर्षं मी चिडतो,
सगळं लिहिलंय की, वाच.
त्या दिवशी मी स्लिप परत घेतली.
वर, जाड पेननं : ओत.
दुपारच्या हीटवर : थांब, सिलिकॉन कमी.
आणि एकावर, हात जरा अडखळला,
सांगता येत नाही. दुसरा तुकडा दे.
ती स्लिप त्यानं नेहमीसारखी फेकली नाही,
खिशात घातली.

आता शालनच्या गालांवर गोळीचं पुरळ आहे,
दम कमी लागतो,
बावड्यातल्या भाजीवालीशी घासाघीस सुरू झालीय.
काल रात्री स्ट्रिपवरच्या रिकाम्या खाचा मोजून म्हणाली,
'किती दिवस चालंल ही?'
सव्वीस पानांत ते नाही. मी शोधलंय.
इकडचं तिकडचं न लावता
पहिल्याच ओळीत सांगितलं,
माहीत नाही.
'बरं,' ती म्हणाली, 'मग लाईट घालव.'